एका वेळी एकच कप

मराठी घरात कॉफी एकट्यासाठी होत नाही. तशी पद्धतच नाही. कॉफी प्यायची नुसती इच्छा झाली, तरी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आधी "कोण कोण घेणार?" असं घरभर विचारावं लागतं. न विचारता गॅस पेटवला, तर पुढे आठवडाभर "हो, तुमचं आपलं तुम्ही करून घेता" हे ऐकायची तयारी ठेवावी लागते. उत्तरंही ठरलेली असतात. पहिलं उत्तर असतं "मला नको". दूध तापायला लागलं की तेच उत्तर "बरं, करतोच आहेस तर घोटभर टाक" असं होतं. साखर विरघळून गॅस बंद करायच्या बेताला न्हाणीघरातून आवाज येतो, "माझीपण!" पाहुणा असेल तर तो "छे छे, आत्ताच घेऊन निघालोय" असं सांगतो आणि दुसऱ्या आग्रहाला अर्धा कप कबूल करतो. आख्खा कप मागणारा माणूस आमच्या नात्यागोत्यात नाही. सगळे अर्धाच मागतात, म्हणून पातेलं मोठं ठेवावं लागतं.

अशा या घरात, आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला, चिरंजीव आणि सूनबाई यांनी कॅप्सूलवर चालणारं कॉफी मशीन आणलं. काळं, चकचकीत, अंगाने सडपातळ. ओट्यावर त्याला मानाची जागा द्यायची म्हणून मिक्सर खाली गेला, मिक्सरच्या जागेसाठी पुरणयंत्र माळ्यावर गेलं आणि माळ्यावरून जे खाली आलं ते अजून माझ्या टेबलावर आहे.

"एका वेळी एकच कप होतो, बाबा. तीच तर याची खासियत," सूनबाई म्हणाली.

"आणि बाकीच्यांनी तोवर काय करायचं?" आईने विचारलं.

सूनबाई हसली. तिला वाटलं, आजी विनोद करतायत. आई विनोद करत नव्हती.

मग प्रात्यक्षिक झालं. मागच्या टाकीत पाणी घालायचं. बटण दाबलं की दिवा लुकलुकतो आणि पंचवीस-तीस सेकंदांत स्थिर होतो, म्हणजे यंत्र तयार. सगळी टाकी तापत बसत नाही. कपापुरतं पाणी नळीतून जाता जाताच तापवलं जातं. मग वरची दांडी उचलायची, फटीत कॅप्सूल सोडायची आणि दांडी खाली दाबायची. कॅप्सूल म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची इवलीशी बुटकी वाटी, तोंडाला पातळ पत्रा. तिच्यात पाच-सहा ग्रॅम दळलेली कॉफी असते आणि ती शिळी होऊ नये म्हणून आतली हवा काढून नायट्रोजन भरलेला असतो. दांडी दाबली की कॅप्सूलच्या पाठीत तीन सुया घुसतात.

"इंजेक्शनच की!" आई म्हणाली.

"हो आजी. आणि त्या भोकांतून गरम पाणी आत घुसतं. आत दाब वाढला की पुढचा पत्रा फुगतो, समोरच्या खडबडीत जाळीवर टेकतो आणि फाटतो. मग कॉफी बाहेर येते."

"केवढा दाब?"

इथे चिरंजीवांनी नको तेवढं खरं सांगितलं. पंपाची ताकद १९ बार. प्रत्यक्ष कॉफीला ९ बारच्या आसपास पुरतो, पण पंप १९ चा. आईला बार म्हणजे काय ते कळेना, म्हणून मी मदतीला धावलो. म्हटलं, आपल्या कुकरची शिट्टी होते ती साधारण १ बारला. मोटारीच्या चाकात असते २ बारच्या थोडी वर.

आई काही न बोलता उठली आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर जाऊन उभी राहिली. आजही ते मशीन सुरू झालं की ती तिथे जाते. कुकरचा सेफ्टी वॉल्व्ह उडून वरणाने छत रंगलेलं जिने डोळ्यांनी पाहिलंय, तिला १९ हा आकडा सांगायचा नसतो.

घर्रर्र असा आवाज झाला, चोचीतून तपकिरी धार पडली, वर सोनेरी फेस आला, आणि अर्ध्या मिनिटात कॉफी तयार. वासाने घर भरलं. कप मात्र भरला नाही. एस्प्रेसो म्हणजे ४० मिलिलिटर. कपाच्या तळाशी ते इतकं थोडं दिसत होतं की आईने सवयीने उजवा तळहात पुढे केला. तीर्थासारखं. मग भानावर येऊन कप घेतला, एक घोट घेतला आणि कॉफी संपली.

"छान आहे," ती म्हणाली. "आता कॉफी कर."

या यंत्राच्या जन्माची कथा चिरंजीवांनी त्याच दिवशी सांगितली, आणि माझ्या संसाराच्या दृष्टीने ती सांगितली नसती तर बरं झालं असतं. एरिक फाव्र नावाचा स्विस इंजिनियर नेस्लेमध्ये नोकरीला होता. बायको इटालियन. ती स्वित्झर्लंडच्या कॉफीला नावं ठेवायची. झालं, गडी पेटला. १९७५ साली तिला घेऊन इटलीला गेला आणि चांगली कॉफी नेमकी कशाने होते ते शोधत हिंडला. रोममध्ये पँथिऑनजवळ सांत-युस्ताकियो नावाचं जुनं कॅफे आहे, तिथे गिऱ्हाइकांची रीघ. त्याने पाहिलं की तिथला माणूस मशीनचा दांडा इतरांसारखा एकदा ओढून थांबत नाही, पुन्हापुन्हा हापसतो. त्यामुळे पाण्याबरोबर हवा मिसळते आणि फेस दाट येतो. परत येऊन त्याने यंत्र आणि कॅप्सूल जुळवली, १९७६ मध्ये पेटंटही झालं. माल बाजारात यायला मात्र १९८६ उजाडलं, आणि आला तेव्हाही सुरुवातीला कोणी फारसं विचारलं नाही.

"बघा," आमची ही म्हणाली. "तिनं कॉफीला नावं ठेवली तर त्यानं यंत्र काढलं. मी इतकी वर्षं मोरीच्या गळक्या नळाला नावं ठेवतेय."

मी म्हटलं, त्याला दहा वर्षं लागली होती. नळाची मुदत त्यानंतर सुरू झाली आणि अजून चालू आहे.

चिरंजीव राहतात बाणेरला, आम्ही कोथरूडला. प्रात्यक्षिक आटोपून ते निघून गेले आणि यंत्र, आम्ही आणि निरनिराळ्या रंगांच्या कॅप्सूलची पेटी एकमेकांकडे बघत राहिलो. प्रत्येक रंगाला इटालियन नाव होतं. आईने ती नावं एकदा ऐकली आणि सोडून दिली. रक्तदाबाची पांढरी, थायरॉइडची गुलाबी अशी गोळ्यांची शिस्त तिच्या हाडीमांसी आहे. कॅप्सूल म्हटल्यावर तिने हाच कायदा लावला. "सोनेरी सकाळी चालते. जांभळी जेवणावर. निळीनं मला पित्त होतं." काही दिवसांनी तिच्या मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी ऐकलं : "नाही गं, आता मी फक्त सोनेरीवर आहे." पलीकडच्या बाईंनी डॉक्टरांचं नाव विचारलं.

रंगाशिवाय प्रत्येक डबीवर एक आकडाही होता. तीव्रतेचा. कुठे ४, कुठे ८, सगळ्यात वर १३. हा आकडा कॉफी किती भाजली आहे, किती कडू आणि किती दाट आहे ते सांगतो. झोप किती उडेल हे त्यावरून ठरत नाही. पण शेजारच्या काकांना हे कोण सांगणार? ते यंत्र बघायला म्हणून आले. नवीन वस्तू आली की ते येतात, किंमत विचारतात आणि आपल्याला ती कुठे स्वस्त मिळाली असती ते सांगून जातात.

"कुठली देऊ काका?"

"सगळ्यांची किंमत एकच?"

"साधारण एकच."

"मग तेराच दे. कमी का घ्यायची?"

पैसे वसूल करायचा हा विचार मला इतका बिनतोड वाटला की मीही तेराच घेतली. तोंड असं झालं की दोघेही थोडा वेळ सोसायटीच्या मेंटेनन्सवर बोलू शकलो नाही, जे आजवर कधी घडलं नव्हतं. घोट गिळून झाल्यावर काकांनी विजेचं विचारलं. मी तयारीत होतो. १४०० वॉटचं यंत्र पंचवीस सेकंद तापतं, म्हणजे एका युनिटचा शंभरावा भाग. पैशांत आला तर दहा पैसे. आणि थोडा वेळ कोणी हात लावला नाही की आपोआप बंदही होतं.

"आणि कॅप्सूल?"

मी किंमत सांगितली. एका कॅप्सूलच्या पैशात अर्धा लिटर दूध सहज येतं. काकांनी कप खाली ठेवला. रिकामाच होता, पण आदराने ठेवला.

"दुसऱ्यांदा नाही चालत का रे ती? आमच्याकडे चहाची पूड दोनदा उकळतात."

मी ठामपणे नाही म्हटलं. काका गेल्यावर दार लावून आधी तेच केलं. वापरलेली कॅप्सूल पुन्हा आत, दांडी खाली, घर्रर्र. जे आलं त्याला पाणी म्हणावं तर रंग होता आणि कॉफी म्हणावं तर त्या फाव्रची बायको पुन्हा बोलली असती.

अर्ध्या कपाचं दुखणं आणखी वेगळं. ही म्हणते, "मला अर्धाच." आता ४० मिलिलिटरचं अर्धं म्हणजे खोकल्याचं औषध. तरी मी प्रयत्न केला. धार सुरू झाल्यावर मध्येच बटण दाबून थांबवली, कप बदलला, उरलेली धार माझ्या कपात. आणि तेव्हा या शास्त्रातलं एक सत्य कळलं : कॉफीतला सगळा कस सुरुवातीच्या धारेत उतरतो, मागून येतं ते पातळ. हिला मिळाला काढा, मला मिळालं धुवण. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, आज पहिली धार माझी. त्यावरून जे झालं ते पाहता यापुढे प्रत्येकी आख्खी कॅप्सूल हेच स्वस्त, असं आम्ही दोघांनी मान्य केलं. कंपनीला हेच हवं असणार.

एकट्याने, निवांत, आपल्यापुरती कॉफी हे या यंत्राचं मुख्य वचन. तेही मी आजमावून पाहिलं. पहाटे पाचला उठलो. घर झोपलेलं. मांजरपावलांनी स्वयंपाकघरात गेलो, दिवाही न लावता कॅप्सूल चाचपून घातली आणि बटण दाबलं. आतला पंप कंप पावून पाणी ढकलतो हे मला माहीत होतं. तो ओट्यालाही कंप पावायला लावतो, ओटा मांडणीला, आणि मांडणीवरची स्टीलची ताटं ही गोष्ट सगळ्या मजल्याला सांगतात, हे माहीत नव्हतं.

"कोण आहे?" आई.

"मीच. कॉफी करतोय."

"टाक माझीपण."

"एवढ्या पहाटे कसली कॉफी?" ही. आणि दोन क्षणांनी, "केलीच आहे तर मलाही."

पातेल्यात पाणी वाढवून ज्याला तोंड देता येतं, त्यासाठी इथे ओळीने तीनदा घर्रर्र करावं लागलं. तिसऱ्या वेळी खालच्या मजल्यावरून फोन आला. त्यांना वाटलं आम्ही बोअर मारतोय.

पण खरी कसोटी कॉफी पिऊन झाल्यावर असते. दांडी उचलली की वापरलेली कॅप्सूल आतल्या टोपलीत टुपकन पडते, हात खराब होत नाहीत, भांडं घासावं लागत नाही, असं सूनबाईंनी सांगितलं होतं. खरंच आहे ते. प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभा राहतो. आमच्याकडे कचरा न्यायला 'स्वच्छ' संस्थेच्या ताई येतात. ओला वेगळा, सुका वेगळा. त्यात तडजोड नाही. त्यांनी एक कॅप्सूल दोन बोटांत धरून उजेडात फिरवली.

"काका, हे ओल्यात का सुक्यात?"

बाहेरून अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे सुका. आत भिजलेला चोथा, म्हणजे ओला. मी दोन्ही म्हणालो. ताईंनी ती माझ्या हातात परत दिली. बरोबरच होतं त्यांचं.

तेव्हापासून माझा एक नवा उद्योग सुरू झाला आहे. भाजीची जुनी सुरी घ्यायची. फाटका पत्रा कडेने कापत जायचा, तो निम्म्यावर आला की सुरी हमखास निसटते. मग आतला चोथा चमच्याच्या दांड्याने उकरायचा. तो गोल वडीसारखा एकसंध निघेल असं वाटतं, पण तीन चतुर्थांश वडी निघते आणि उरलेली वाटीच्या वळ्यांमध्ये जाऊन बसते. तिथे करंगळी जात नाही, दात कोरायची काडी जाते. चोथा गेला कढीपत्त्याच्या कुंडीत. कॅप्सूल विसळून खिडकीच्या गजाशी उपडी. एका कपामागे वाचलेली मिनिटं मी अशी सव्याज परत करतो. बाहेरच्या देशांत कंपन्या वापरलेल्या कॅप्सूल परत घेऊन वितळवतात म्हणे. तिथे लोक त्या पिशवीत भरून दुकानात नेऊन देतात. आमच्या घरात एकदा आत आलेली आणि धुतलेली वस्तू अशी कोणाला देऊन टाकायची कल्पना आईला पटत नाही. तिने दोनतीन कॅप्सूलमध्ये मेथी पेरली, आणि बाकीच्या भंगारासाठी पिशवीत साठवल्या.

भंगारवाल्याने पिशवी हातात तोलली आणि आत हवाच भरली आहे की काय म्हणून उघडून पाहिली. एका कॅप्सूलमध्ये अ‍ॅल्युमिनियम असतं १ ग्रॅमच्या आसपास. किलोभर व्हायला हजार लागतात. मी मनातल्या मनात हजार कपांची किंमत काढली आणि लगेच दुसऱ्या विषयावर विचार करू लागलो.

"आजी, जुनी पातेली असतील तर द्या," तो म्हणाला.

"पातेली नाही देणार," आई म्हणाली. तिच्या आवाजात काही वेगळंच होतं.

काकांना कचऱ्याची भानगड कळल्यावर ते नवा दारूगोळा घेऊन आले. जर्मनीत हॅम्बुर्ग शहराने २०१६ मध्येच सरकारी पैशातून असल्या कॅप्सूल घ्यायला बंदी केली, हे त्यांनी मला असं सुनावलं जणू मी हॅम्बुर्गचा कर चुकवून बसलोय. त्यावर मी त्यांना अमेरिकेतली गोष्ट सांगितली. तिकडे जॉन सिल्व्हन आणि पीटर ड्रॅगोन या दोघांनी १९९२ मध्ये क्युरिग कंपनी काढली. त्यांची कॅप्सूल प्लॅस्टिकची, आत कागदी गाळणी. ऑफिसात किटलीत जळत पडलेली कॉफी कोणाला प्यावी लागू नये हा हेतू. सिल्व्हन १९९७ साली आपला वाटा ५०,००० डॉलरला विकून मोकळे झाले. पुढे २०१५ मध्ये ते म्हणाले की आपल्या घरी हे यंत्र नाही. ते महाग पडतं, आणि साधी गाळलेली कॉफी करणं काही अवघड नसतं. कधीकधी तर आपण हे काढलंच कशाला असं वाटतं.

"शहाणा माणूस," उंबरठ्याबाहेरून आई म्हणाली.

"पण आई, ती कंपनी त्याच वर्षाअखेर विकली गेली जवळजवळ १४ अब्ज डॉलरला."

आई थोडा वेळ गप्प झाली. १४ अब्जांपुढे कोणीही होईल.

"विकताना घरी विचारलं नसेल," ती म्हणाली. "आपलं आपण उरकायची सवय. यंत्रच तसलं काढलं त्यानं."

मध्यंतरी यंत्र आजारी पडलं. नारिंगी दिवा लुकलुकू लागला. पुस्तिका काढली, तिच्यात जगातल्या यच्चयावत भाषा होत्या, मराठी तेवढी नव्हती. चित्रांवरून समजलं की आत क्षार साचलेत. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर येतो, त्याचं पाणी इतकं जड की बादलीलाही पांढरी किनार येते, तिथे या नाजूक नळ्यांची काय कथा! साफ करायचं खास द्रावण वेगळं विकत मिळतं. त्याची किंमत मी हिला वाचून दाखवली.

"आंबटच काहीतरी असणार ते," ही म्हणाली. "ढोकळ्याचं लिंबूसत्त्व पडलंय, ते घाला."

रसायनशास्त्राच्या दृष्टीने तिचं चूक नव्हतं. क्षार विरघळवायला आम्लच लागतं. लिंबूसत्त्वाचं पाणी टाकीत घातलं, कॅप्सूल न घालता बटण दाबत राहिलो. आधी पांढुरकं आलं, मग पिवळसर, मग स्वच्छ. नंतर साध्या पाण्याने नळ्या धुवायच्या असतात. त्या मी धुतल्या, पण आमच्या मानाने धुतल्या. त्या संध्याकाळची जांभळी कॉफी प्यायल्यावर काका म्हणाले, "हिच्यात मोहरीची फोडणी हवी होती."

आणि मग मेहुण्यांच्या मुलाचं लग्न ठरलं.

पत्रिका द्यायला मंडळी आली ती एकदम अकरा. मेहुणे, त्यांची सौभाग्यवती, व्याही, विहीणबाई, दोन आत्या, बाकीचे कोणाचे कोण ते मला अजून कळलेलं नाही. "काही करू नका हं, पाच मिनिटंच बसतोय," असं म्हणत सगळे ऐसपैस बसले. ही पातेल्याकडे वळणार, तेवढ्यात माझ्या अंगात यजमान संचारला.

"थांब. आज मशीनची कॉफी!"

पेटी बैठकीत फिरवली. ज्याने त्याने आपल्या आवडीची कॅप्सूल निवडायची, या यंत्राचा हा फायदा मी स्वतःच्या तोंडाने समजावून सांगितला. निवडायला पाव तास गेला. व्याह्यांनी मुलाकडच्यांना पहिला मान म्हणून पेटी पुढे सरकवली, ते म्हणाले आधी तुम्ही, मोठ्या आत्यांनी दोन्हीकडचा समन्वय म्हणून हिरवी घेतली. मेहुण्यांनी विचारलं, "दाजी, किंमत एकच का हो?" आणि तेरा घेतली. रक्ताचं नातं नसतानाही विचार कसे जुळतात बघा.

मी यंत्राशी उभा राहिलो. घर्रर्र. पहिला कप व्याह्यांना. त्यांनी तो समोर ठेवला आणि हात मांडीवर घेतले. सगळ्यांना आल्याशिवाय सुरू कसं करायचं? दुसरा कप विहीणबाईंना. त्यांनीही ठेवला. "घ्या ना, गार होईल," मी आतून ओरडलो. "येऊ दे सगळ्यांचं, गडबड नाही," बाहेरून उत्तर आलं. तिसरा, चौथा. पाचव्याला टाकीतलं पाणी संपलं. सातव्याच्या वेळी वापरलेल्या कॅप्सूलची टोपली तुंबली, दांडी खाली जाईना. ती ओढून काढली तर खालचं चहाच्या रंगाचं पाणी ओट्यावरून माझ्या पायजम्यावर. दरम्यान बाहेर हॉल, केटरर आणि मुहूर्त हे तिन्ही विषय संपले होते आणि पावसाचा सुरू झाला होता. अकरावा कप घेऊन मी बैठकीत आलो तेव्हा टीपॉयवर दहा कप रांगेने मांडलेले, प्रत्येकात बोटभर कॉफी, फेस मेलेला, कोणी स्पर्शही न केलेली. आणि सगळे माझ्याकडे बघत होते, कारण आता माझा कप कुठे आहे असा प्रश्न होता.

"तुमचा येऊ दे, मग बरोबरच घेऊ," व्याही म्हणाले.

आई उठली. तिने एक मोठं ताट घेतलं, सगळे कप गोळा केले आणि आत गेली. मी मागोमाग. तिने पातेलं गॅसवर ठेवलं आणि अकराच्या अकरा कप त्यात ओतले. सोनेरी, जांभळी, हिरवी, मेहुण्यांची तेरा, सगळं एकत्र. वर लिटरभर दूध. साखर आपल्या हाताने. मग किसणी काढून त्यावर जायफळ. जायफळाने झोप येते आणि कॉफीने जाते, म्हणून दोन्ही घातलेली कॉफी पिऊन माणूस काही न करता नुसता प्रसन्न बसून राहतो, आणि लग्नाच्या बोलण्यांना असलीच माणसं लागतात. एक उकळी आली. आईने पातेलं उतरवलं, तोवर बाहेरून आवाज आलेच : "मला अर्धाच हं!" "मलापण!" अकरा अर्धे कप भरले. मग आमचे तिघांचे. पातेल्यात तरी उरलीच.

पहिल्या घोटाला बैठकीत शांतता पसरली.

"वा!" व्याही म्हणाले. "शेवटी मशीनची ती मशीनची. घरी अशी चव येत नाही."

विहीणबाईंनी उरलेली मागून घेतली. दोन्ही आत्यांनी यंत्र आत जाऊन पाहिलं, एकीने त्यावर हातही फिरवला. मेहुण्यांनी निघताना दुकानाचं नाव, किंमत, वॉरंटी सगळं लिहून घेतलं.

लग्नानंतर महिन्याभरात त्यांचा फोन आला. यंत्र घेतलं होतं.

"दाजी, बाकी सगळं जमतंय. रंग सगळे करून पाहिले. पण तुमच्याकडे त्या दिवशी झाली तशी काही येत नाही बुवा. तुम्ही नेमका कुठला आकडा लावला होता?"

मी रिसीव्हरवर हात ठेवून आईकडे पाहिलं. तिला ऐकू गेलं होतं.

"तेरा सांग," आई म्हणाली.